कोल्हापुरात दोन दिवसांचा मुक्काम : जागा निवडण्याचा हिशेब

व्यापारासाठी प्रवास करावा लागत नाही असा व्यापारी विरळाच. चपलांची खरेदी, हुपरीचे चांदीकाम, उद्यमनगरातील यंत्राचे सुटे भाग, एखादी जुनी येणी अशा कामांसाठी शनिवार-रविवार गाठून कोल्हापूरला जाणारे आपले अनेक बांधव आहेत. बरोबर बायकामुलेही असतात. नवा राजवाडा, रंकाळा, पन्हाळा पाहून होतो आणि कामही होते. मात्र दुकानात रुपया-रुपयाचा हिशेब ठेवणारा माणूस मुक्कामाची जागा रिक्षावाल्याच्या सांगण्यावरून ठरवतो, किंवा सर्वांत कमी भाडे पाहून खोली घेतो. सहल दोनच दिवसांची असते. जागा चुकली तर त्यातला अर्धा दिवस रस्त्यातच जातो, आणि वाचलेले भाडे रिक्षात खर्च होते. म्हणून मुक्कामाची जागा कशी निवडावी, याचा थोडा अभ्यास करू.

मुक्कामाच्या सोयीने घडलेले शहर

मुक्कामाच्या जागेचे मोल कोल्हापूरइतके क्वचितच एखाद्या शहराने ओळखले असेल. खेड्यातील मुलाला शिकायचे असेल, तर शाळेआधी त्याच्यापुढे प्रश्न उभा राही तो शहरात राहायचे कोठे, जेवायचे कोठे हा. राजर्षी शाहू महाराजांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. 1906 साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. 1908 साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. राहण्याची सोय झाली आणि अनेक घरांत शिक्षण पोहोचले. दसरा चौकाच्या परिसरात या बोर्डिंगांच्या खुणा आजही दिसतात.

व्यापाराच्या बाबतीतही हेच झाले. 1891 साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली आणि 1895 साली रेल्वे स्थानकाजवळ शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली गेली. माल उतरतो तेथेच बाजार, आणि बाजाराजवळच माणसाची सोय, असा हा विचार होता. तोच विचार आपण दोन दिवसांच्या सहलीलाही लावावा.

आधी काम, मग जागा

प्रथम कागदावर दोन दिवसांची कामे लिहून काढावीत. कोणत्या भागात किती वेळ जाणार हे ठरले की जागा जवळजवळ आपोआप ठरते. कोल्हापुरात मुक्कामाचे ढोबळमानाने पाच भाग पडतात.

1. रेल्वे स्थानक, मध्यवर्ती बसस्थानक व शाहूपुरी : रेल्वेने किंवा एस.टी.ने येणाऱ्यास हा भाग सोयीचा. पन्हाळा किंवा इचलकरंजीकडे बसने जायचे असेल तर येथून निघणे सोपे. स्थानकासमोर वाहनांचा आवाज असतो, म्हणून रस्त्याकडील खोली टाळून आतली खोली मागावी.

2. बिंदू चौक, भवानी मंडप, महाद्वार रोडचा जुना भाग : चप्पल लाइन, गुजरी आणि अंबाबाई मंदिराभोवतीचा बाजार येथून पायी अंतरावर. बाबूजमाल दर्गाही याच जुन्या शहरात आहे. चपलेची मापे बदलून घेणे, भावासाठी चार दुकाने फिरणे, दुपारी मुलांना खोलीवर आणून पुन्हा बाजारात जाणे, हे सर्व येथे राहिल्यास जमते. मात्र गल्ल्या अरुंद आहेत. स्वतःची मोटार किंवा टेम्पो असेल तर तो कोठे लावायचा, हे आधी विचारावे.

3. ताराबाई पार्क, नागाळा पार्क : शांत वस्ती, मोठ्या खोल्या, भाडे साधारणपणे अधिक. नवा राजवाडा या बाजूला जवळ. वृद्ध माणसे बरोबर असल्यास विचार करण्यासारखा भाग.

4. महामार्गाची बाजू, म्हणजे तावडे हॉटेल, शिरोली, गोकुळ शिरगाव : औद्योगिक वसाहतीत काम असलेल्या आणि स्वतःचे वाहन बरोबर असलेल्या माणसास हाच भाग योग्य. वाहन लावण्यास जागा मिळते आणि पहाटे निघता येते. वाहन नसलेल्या कुटुंबाने मात्र येथे राहू नये.

5. पन्हाळा : शहरापासून सुमारे 20 किलोमीटर. हवा उत्तम, गड निवांत पाहता येतो. परंतु बाजाराचे काम असेल तर घाटरस्त्याच्या फेऱ्या परवडत नाहीत. ज्यांना केवळ विश्रांती हवी त्यांनीच येथे मुक्काम करावा.

खोलीचे भाडे हा अर्धाच खर्च

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत. समजा, महामार्गावरील खोलीचे भाडे 900 रुपये आणि बिंदू चौकाजवळच्या खोलीचे 1400 रुपये आहे. वरवर पाहता पहिल्या खोलीत 500 रुपये वाचतात. आता चौघांच्या कुटुंबाच्या रिक्षा मोजू. महामार्गावर राहिल्यास स्थानकावरून खोलीवर एक फेरी, शनिवारी दोनदा शहरात जाऊन येण्याच्या चार, आणि रविवारी सकाळी सामानासह शहरात येण्याची एक, अशा सहा फेऱ्या होतात. फेरीस 150 रुपये धरले तरी 900 रुपये झाले. एकूण 1800. बिंदू चौकाजवळ राहिल्यास स्थानकावरून येण्याच्या व परत जाण्याच्या दोनच फेऱ्या, प्रत्येकी 80 रुपये, म्हणजे 160. एकूण 1560. महाग वाटणारी खोली 240 रुपयांनी स्वस्त पडली. शिवाय सहा फेऱ्यांचे अर्धा-अर्धा तास धरल्यास तीन तास रस्त्यात जातात. आपल्या हातच्या कामाचे तीन तासांचे मोल काय, हे प्रत्येक कारागीर जाणतो.

घड्याळ आणि कर

रात्रीच्या रेल्वेने मुंबईहून निघालेला माणूस सकाळी कोल्हापुरात उतरतो. काही ठिकाणी खोलीचा दिवस आपण आल्यापासून 24 तासांचा धरतात, तर काही ठिकाणी दुपारी 12 वाजता दिवस बदलतो. दुसऱ्या पद्धतीत सकाळी सात वाजता खोली उघडून घेतली तर अधिक भाडे लागू शकते. रविवारी रात्रीची गाडी असेल तर दुपारी खोली सोडून सामान काउंटरवर ठेवू देतील का, हेही विचारावे. एवढ्या एका प्रश्नाने एका दिवसाचे भाडे वाचू शकते.

भाडे करासह सांगितले की कर वेगळा, हेही स्पष्ट करून घ्यावे. दिवसाला 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जी.एस.टी. 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. मुक्काम धंद्यासाठी असेल तर दुकानाच्या नावाने पक्के बिल घ्यावे. सहलीचा घरगुती खर्च मात्र दुकानाच्या वहीत घालू नये.

फोनवर विचारावयाचे प्रश्न

– जागा नेमकी कोठे? जवळची ठळक खूण कोणती?
– दोन मोठी माणसे व दोन मुले यांस एकच खोली चालेल का? जादा गादीचे किती?
– गरम पाणी दिवसभर की फक्त सकाळी?
– खोली कोणत्या मजल्यावर? लिफ्ट आहे का?
– मशीद पायी अंतरावर आहे का? हलाल जेवण जवळपास कोठे मिळते?
– येणे रद्द झाल्यास आगाऊ रक्कम परत मिळेल का?

आगाऊ रक्कम पाठवताना सावध राहावे. लॉज आणि भक्तनिवासांच्या नावाने खोटे फोन नंबर पसरवून पैसे उकळण्याचे प्रकार ठिकठिकाणी घडतात. शक्यतो गावातील ओळखीच्या व्यापाऱ्याकडून खात्री करून घ्यावी आणि थोडीच रक्कम पाठवावी. प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र बरोबर असावे, कारण त्याशिवाय खोली मिळत नाही.

दिवस पाहून निघावे

नवरात्रात अंबाबाई मंदिराच्या परिसरात आणि चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेमुळे शहरात खोल्या मिळणे कठीण होते. असे दिवस खरेदीसाठी टाळावेत. ज्यांचा माल यात्रेत विकला जातो त्यांनी जागा फार आधी धरून ठेवावी. ज्या दुकानात किंवा कारखान्यात जायचे, त्याची साप्ताहिक सुट्टी कोणती, हेही निघण्यापूर्वी विचारावे.

जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पाण्याकडे लक्ष हवे. राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी मानली जाते. 2019 आणि 2021 च्या महापुरांत शिरोलीजवळ पाणी आल्याने महामार्ग बंद पडला होता. पातळी वाढत असल्याची बातमी असेल तर सहल पुढे ढकलावी. त्या दिवसांत नदीकाठची जागा घेऊ नये. जावेच लागले तर ज्या बाजूला काम आहे त्याच बाजूला राहावे.

तात्पर्य, मुक्काम निवडणे हा मालाच्या खरेदीसारखाच व्यवहार आहे. नुसता भाव पाहून माल घेणारा फसतो, तसाच नुसते भाडे पाहून खोली घेणाराही फसतो. कामाची यादी, फेऱ्यांचा खर्च, खोली सोडण्याची वेळ आणि घरच्यांची सोय, या चार गोष्टी निघण्यापूर्वी वहीच्या एका पानावर मांडाव्यात. त्यास पाव तास पुरतो. मग कोल्हापूरचे दोन दिवस कामाचेही होतात आणि घरच्यांच्या आनंदाचेही.