पॉलिग्राफमध्ये नापास झालात, तर पुढच्या सरकारी नोकरीचं काय?

अमेरिकी नागरिक असलेल्या मराठी मुला-मुलींनी एफबीआय, सीआयए, एनएसए किंवा तिथल्या सीमा सुरक्षा विभागात अर्ज केला, की मुलाखत आणि सशर्त नेमणूकपत्रानंतर एक टप्पा बहुतेक वेळा येतो, तो म्हणजे पॉलिग्राफ, अर्थात खोटं पकडण्याची यंत्रचाचणी. १९८८च्या कायद्याने तिथल्या बहुतेक खासगी कंपन्यांना ही चाचणी घ्यायला बंदी केली, पण सरकारला त्यातून सूट आहे. नापास होणाऱ्याला पहिली भीती वाटते की आता सरकारी नोकरीची दारं कायमची बंद झाली. तसं नाही. मात्र त्यानंतरच्या वागण्यात चूक झाली, तर ती खरोखर महागात पडते.

खोलीत नेमकं काय होतं?

छातीला आणि पोटाला एकेक नळी, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना इलेक्ट्रोड. सगळं आटपायला काही तास जातात, पण यंत्र प्रत्यक्ष लावलेलं असतं ते त्यातला थोडाच वेळ. बाकी वेळ बोलण्यात जातो. आधी प्रश्न समजावून सांगतात, नंतर परीक्षक म्हणतो, “या प्रश्नाला तुम्ही अस्वस्थ झालात. काही सांगायचं राहिलंय का?” फॉर्ममध्ये दोनदा गांजा ओढल्याचं लिहिलेला मुलगा इथे घाबरून बोलून जातो, “चार-पाच वेळासुद्धा असेल.” हे वाक्य कबुली म्हणून फाइलमध्ये जातं आणि यंत्राच्या आलेखापेक्षा तेच पुढे जास्त त्रास देतं. आठवत असेल तेवढंच सांगा. आठवत नसेल तर तसं स्पष्ट म्हणा, अंदाजाने आकडा सांगू नका.

नोकरी नाकारणं वेगळं, क्लिअरन्स नाकारणं वेगळं

हा फरक नीट समजून घ्या. आलेख ‘खोटेपणा दिसतो’ किंवा ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असा आला, तर संस्था सशर्त नेमणूक मागे घेऊ शकते. तो तिचा अधिकार आहे. सिक्युरिटी क्लिअरन्सची, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याच्या परवानगीची, गोष्ट निराळी. २०१७पासून लागू असलेल्या राष्ट्रीय निकषांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे की, दुसरी ठोस माहिती नसताना केवळ पॉलिग्राफच्या तांत्रिक निकालावर उमेदवाराविरुद्ध निर्णय घेता येत नाही.

असा नियम असण्याला कारण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३मध्ये एक हिशेब मांडला. १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत असं धरलं आणि त्यातले ८ सापडतील इतकी चाचणी कडक ठेवली, तर सुमारे १,६०० निर्दोष माणसंही नापास ठरतील. उलट, रशियासाठी हेरगिरी करणारा सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्या पास झाला होता. म्हणून नापास झालेल्याने स्वतःला खोटारडा समजू नये आणि घरच्यांनीही त्याला तसं वागवू नये.

पुढच्या फॉर्मवर काय लिहायचं?

क्लिअरन्ससाठी भरायच्या एसएफ-८६ फॉर्ममध्ये दोन गोष्टी विचारतात: सरकारने पूर्वी तुमची पार्श्वभूमी तपासली होती का, आणि क्लिअरन्स कधी नाकारला, स्थगित किंवा रद्द केला होता का. तपासणी झाली असेल, तर पहिल्याचं उत्तर ‘हो’. फक्त नेमणूक मागे घेतली असेल, तर क्लिअरन्स नाकारला असं होत नाही. त्यामुळे हाती आलेल्या पत्रातले शब्द बघूनच दुसऱ्याचं उत्तर लिहा. पोलीस खात्याच्या अर्जात ‘पूर्वी पॉलिग्राफ दिली होती का’ असं थेट विचारलं असेल, तर खरं तेच लिहा. संघराज्य सरकारला जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा तिथे ५ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

मराठी घरांसाठी आणखी एक गोष्ट. गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर मुलाचं नाव चढलेलं असतं आणि त्याला ते ठाऊकही नसतं. परदेशातली मालमत्ता आणि जवळचे नातेवाईक यांबद्दल एसएफ-८६ मध्ये सविस्तर विचारतात. अर्ज भरण्याआधी आई-वडिलांनी सातबारा आणि एकत्र बँक खाती यांची माहिती मुलांना द्यावी.

खर्च किती?

- चाचणी: सरकारी संस्था उमेदवाराकडून शुल्क घेत नाही.
- स्वतःची फाइल: तिथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याने मागता येते. वैयक्तिक अर्जाला पहिली १०० पानं विनामूल्य. उत्तराची मुदत २० कामकाजाचे दिवस, पण प्रत्यक्षात कित्येक महिने धरून चाला.
- वकील: ताशी काहीशे डॉलर. नुसती नेमणूक मागे घेतली असेल, तर आधी फाइल मागवा, मग वकील. क्लिअरन्स नाकारल्याची लेखी नोटीस आली असेल, तर वकील लगेच गाठा. कारण उत्तराची मुदत थोडी असते.
- खासगी पॉलिग्राफ: काहीशे डॉलरपासून पुढे. तिचा निकाल मानायला संस्था बांधील नाही, त्यामुळे बहुतेकांचे हे पैसे वाया जातात.
- ‘पास करून देतो’ म्हणणारे क्लास: यांच्या वाटेला जाऊ नका. खोटं लपवायला शिकवणाऱ्या ओक्लाहोमातील एका माजी पोलिसाला २०१५मध्ये २ वर्षांची शिक्षा झाली. चाचणीत असे उपाय करताना पकडला गेलेला उमेदवार कायमचा विश्वास गमावतो.

नापास झाल्यावर लगेच काय करायचं?

1. त्याच दिवशी कागदावर उतरवून ठेवा: कोणते प्रश्न आले, तुम्ही काय उत्तर दिलं, किती झोप झाली होती, कोणतं औषध चालू होतं.
2. निकालाचं पत्र जपून ठेवा आणि संस्थेच्या नियमांत बसत असेल तर फेरचाचणीची लेखी मागणी करा.
3. फाइल मागवा.
4. दुसरीकडे अर्ज करा. बहुसंख्य सरकारी पदांना पॉलिग्राफ लागतच नाही. पण दोन अर्जांतल्या माहितीत तफावत नको. पार्श्वभूमी तपासणारा जुनी फाइल मागवून ताडून बघू शकतो.

भारतात अर्ज करणाऱ्यांसाठी

यूपीएससी किंवा एमपीएससीच्या भरतीत पॉलिग्राफ नाही. गुन्ह्याच्या तपासातही संमतीशिवाय ती घेता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१०चा निकाल आहे. आपल्याकडे कस लागतो तो चारित्र्य पडताळणीत. साक्षांकन नमुन्यात दाखल गुन्हा लपवला, तर नेमणूक रद्द होऊ शकते. किरकोळ गुन्हा खरा सांगितला, तर त्याचा विचार होऊ शकतो, ही भूमिका न्यायालयाने २०१६मध्ये अवतार सिंह प्रकरणात मांडली.

अंतिम नेमणूकपत्र हातात पडेपर्यंत सध्याची नोकरी सोडू नका, भाड्याचं घर सोडू नका. चाचणीचा निकाल आपल्या हातात नाही. दर वेळी तीच खरी माहिती देणं मात्र आहे, आणि पुढच्या अर्जाला आधार मिळतो तो त्याचाच.