पाळी एकाची, भोग दुसऱ्याला?



गाळप चांगले व्हायचे तर यंत्र धड पाहिजे, हे आपण सारे जाणतो. पण यंत्रापाशी राबणारा माणूस धड राहतो तो कशाने? या प्रश्नाचा अभ्यास एरिक ट्रिस्ट (१९०९–१९९३) या इंग्रज मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर केला. पुढे ते अमेरिकेत व कॅनडात प्राध्यापक झाले. त्यांचा अभ्यास कोळशाच्या खाणीतला. पण तीन पाळ्यांत चालणाऱ्या कोणत्याही कामाला तो लागू पडतो, म्हणून येथे थोडक्यात देत आहोत.

खाणीत काय घडले? इंग्लंडच्या खाणीत पूर्वी दोन-तीन माणसे आपले सोबती आपणच निवडत. कोळसा फोडणे, भरणे, छताला टेकू देणे, सगळे तीच करीत. त्यांच्यामागे कोणी हाकारत बसावे लागत नसे.

मग यंत्रे आली. सुमारे दोनशे यार्ड लांबीची कोळशाची भिंत आणि तिच्यावर चाळीसेक माणसे. एका पाळीने कापायचे, दुसरीने वाहकपट्टा पुढे सरकवायचा, तिसरीने कोळसा भरायचा. काम निराळे, मजुरीही निराळी. आधीच्या पाळीने काम अर्धवट सोडले की भोग भरणाऱ्याच्या वाट्याला! तोही अंधारात आपल्या तुकड्यावर एकटाच. मग एकमेकांवर खापर फोडणे, खाडे आणि मनाच्या ताणातून येणारी दुखणी सुरू झाली. ट्रिस्ट आणि पूर्वी स्वतः खाणीत राबलेले केन बॅमफर्थ यांनी हे १९५१ साली मांडले. माणसे आळशी झाली नव्हती. कामाची मांडणीच चुकली होती.

उपाय कोणता निघाला? काही खाणींत यंत्र तेच ठेवून सगळे काम एका तुकडीकडे सोपवले गेले. पाळ्या कोणी कशा करायच्या हे तुकडीनेच ठरवायचे, मजुरीही सर्वांना मिळून. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत जुन्या मांडणीत शंभर पाळ्यांमागे २० खाडे, तर नव्या मांडणीत ८ च्या आसपास. अपघातामुळे पडणारे खाडेही निम्म्याहून कमी!

आपल्याकडेही हे घडले आहे. १९५३ साली त्याच संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत आले होते. नवे माग बसवूनही उत्पादन वाढत नव्हते. २२४ मागांवर बारा प्रकारची कामे वाटलेली, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. कामगारांनी आपापल्या तुकड्या करून ठराविक माग अंगावर घेतले. उत्पादन वाढले, कापडाची खराबी घटली.

बोध. साहेबाने प्रत्येकाच्या डोक्यावर उभे राहणे म्हणजे नेतृत्व नव्हे. तुकडीला लागणारे सामान वेळेवर पुरवणे, दोन पाळ्यांमधला सांधा सांभाळणे, आणि आतला कारभार तुकडीवर सोपवणे, हे खरे नेतृत्व.

ऊसतोड, वाहतूक, वजनकाटा, गव्हाण, गाळप ही साखळीही अशीच आहे. तोडलेला ऊस जितका रखडेल तितका उतारा घटतो, आणि त्याचा फटका शेवटी आपल्याच भावाला बसतो. कारखान्याचे मालक आपण. तेव्हा कामगार कसा राबतो हे पाहणेही आपलेच काम.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शिवारातला ऊस नेमका कोणत्या दोन टप्प्यांच्या मध्ये रखडतो?

२. तेथे आपण माणसाला दोष देतो, की मांडणी तपासतो?