ड्रोनचा छंद: धाक की धडे?

प्रश्न: हौसेखातर ड्रोन उडवणाऱ्यांसाठी कडक नियम हवेत, की लोकशिक्षण पुरेसं आहे?

उत्तर: दोन्ही हवं, पण आज उणीव शिक्षणाची आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 2 किलोपर्यंतचा ड्रोन छंदासाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. ही सूट योग्यच आहे; मात्र तिच्यामुळे परीक्षेबरोबर होणारा अभ्यासही टळतो. हवाई क्षेत्राच्या सरकारी नकाशावरचे हिरवे (मोकळे), पिवळे (नियंत्रित), लाल (प्रतिबंधित) विभाग ठाऊक नसलेला हौशी माणूस विमानतळाजवळ ड्रोन उडवतो, तेव्हा 1 लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद त्याला रोखत नाही, कारण ती त्याला माहीतच नसते.

‘नुसतं सांगून कोण ऐकतं?’ हा आक्षेप रास्त आहे. जाणूनबुजून धोका पत्करणाऱ्याला कायद्याचाच धाक हवा, म्हणून लाल विभागातली केंद्र सरकारच्या परवानगीची अट सैल होता कामा नये. पण प्रत्येक गच्चीवर पोलीस उभा करता येत नाही. तिथे उडवणाऱ्याची समजच कामी येते. म्हणून ड्रोन विकतानाच प्राथमिक माहिती आणि छोटी चाचणी सक्तीची असावी. तोवर तुम्ही उड्डाणाआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा हा नकाशा पाहा, हिरव्या विभागातही 400 फुटांची मर्यादा ओलांडू नका आणि ड्रोन नजरेआड होऊ देऊ नका.