वादळाच्या मागावर

वैशाखातील दुपारी मोकळ्या रानात वावटळ उठते. धूळ आणि पालापाचोळा गरगर फिरवीत ती थोडा वेळ नाचते व विरून जाते. ही वावटळ तापलेल्या जमिनीवरून वर चढते. अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण मैदानांत मात्र एक निराळीच वावटळ ढगातून खाली उतरताना दिसते. काळ्याकभिन्न मेघाच्या तळातून हत्तीच्या सोंडेसारखा एक स्तंभ लोंबू लागतो आणि जमिनीला टेकताच घरे, वृक्ष, मोटारी यांची दाणादाण उडवितो. या वादळास ‘टोर्नेडो’ म्हणतात.

मेक्सिकोच्या आखातावरून येणारी उष्ण व दमट हवा आणि पश्चिमेकडील कोरडी हवा यांची वसंत ऋतूत या मैदानांवर गाठ पडते. त्यातून प्रचंड गडगडाटी मेघ निर्माण होतात. उंचीनुसार वाऱ्याची दिशा व वेग बदलत असेल, तर असा मेघ स्वतःभोवती फिरू लागतो. फिरणाऱ्या मेघांपैकी थोड्यांच्याच पोटी टोर्नेडो जन्म घेतो. तो कोणत्या मेघातून व केव्हा उतरेल, हे कोडे फार कठीण. त्याचे आयुष्य बहुधा काही मिनिटांचे आणि त्याची वाट अरुंद. तो नेमका वेधशाळेवरूनच जाईल, हा योग दुर्मिळ. आणि गेलाच, तर उपकरणे शाबूत राहण्याची आशा थोडी! म्हणून वादळाची वाट पाहत बसण्यापेक्षा आपणच त्याच्या मागावर निघावे, असे शास्त्रज्ञांनी ठरविले.

ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन येथे तीव्र वादळांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिच्या अभ्यासकांनी १९७२ पासून मोटारींतून वादळांचा पाठलाग आरंभिला. २४ मे १९७३ रोजी युनियन सिटी या गावाजवळ त्यांना टोर्नेडो गाठता आला. त्याच्या जन्मापासून अंतापर्यंतची सर्व स्थित्यंतरे त्यांनी छायाचित्रांत टिपली. त्याच वेळी नॉर्मनचे डॉप्लर रडार त्या मेघाचा वेध घेत होते.

आगगाडी जवळ येताना तिची शिटी तीव्र ऐकू येते व दूर जाताना तिचा स्वर उतरतो. डॉप्लर रडार याच तत्त्वाने काम करते. पावसाच्या थेंबांवरून परतलेल्या लहरींवरून ते थेंब जवळ येत आहेत की दूर जात आहेत, हे त्यास कळते. एकमेकांलगतचे थेंब विरुद्ध दिशांना धावत असतील, तर तेथे हवा गरगरत आहे, हे उघड होय. युनियन सिटीच्या नोंदी मागाहून ताडून पाहिल्या, तेव्हा टोर्नेडो जमिनीला टेकण्यापूर्वीच अशी खूण मेघात उंचावर उमटली होती, असे आढळले. रडारने खूण दाखविली. परंतु तिचा अर्थ प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षीमुळे पटला. पुढे १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत अशा रडारांचे जाळे उभे राहिले.

तथापि जमिनीलगत टोर्नेडोच्या पोटात काय घडते, हे दुरून कळत नव्हते. टिम सॅमरस या अभियंत्याने ते जाणण्याचा ध्यास घेतला. त्यांच्यापाशी महाविद्यालयीन पदवी नव्हती. होती ती जिज्ञासा आणि कुशल हात. त्यांनी कासवाच्या पाठीसारखे बसके व जड उपकरण तयार केले. २४ जून २००३ रोजी दक्षिण डकोटा राज्यातील मँचेस्टर या खेड्याजवळ त्यांनी ते टोर्नेडोच्या वाटेवर ठेवले आणि तत्काळ मागे फिरले. टोर्नेडो उपकरणावरून गेला. हवेचा दाब एकाएकी १०० मिलिबारने उतरल्याची नोंद त्यात मिळाली. एवढी घट पूर्वी कोणी मोजली नव्हती.

सॅमरस सावध वृत्तीचे होते. पण निसर्ग कोणाचे अंदाज पाळीत नाही. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रीनोजवळ एका टोर्नेडोने अकस्मात दिशा बदलली, वेग वाढविला आणि तो सुमारे ४.२ किलोमीटर रुंद झाला. सॅमरस, त्यांचा पुत्र पॉल व सहकारी कार्ल यंग हे तिघेही त्यात मृत्यू पावले. त्या दिवशी रस्त्यांवर नुसता थरार अनुभवण्यास आलेलेही अनेक होते. वादळाच्या जवळ जाणे हे स्वतः काही शौर्य नव्हे. जवळ जाऊन काय आणले, यावरच त्या धाडसाचे मोल ठरते.

अशा अभ्यासकांनी आणलेल्या ज्ञानामुळे आज टोर्नेडोची सूचना सरासरी दहा मिनिटांच्या आसपास आधी देता येते. कित्येक सूचना फोलही ठरतात. अभ्यास अजून अपुरा आहे. पण दहा मिनिटे थोडी नव्हेत. तेवढ्या वेळात आई लेकरांना घेऊन तळघरात उतरू शकते, शिक्षक वर्गाला सुरक्षित जागी नेऊ शकतात. ही दहा मिनिटे मिळविण्यासाठी काही माणसे वर्षानुवर्षे वादळांमागे धावली, याचे स्मरण ठेवले पाहिजे.

स्वाध्याय

१. आपल्याकडील वावटळ आणि टोर्नेडो यांत कोणता फरक आहे?
२. युनियन सिटी येथील निरीक्षणाचे महत्त्व सांगा.
३. ‘जवळ जाऊन काय आणले, यावरच त्या धाडसाचे मोल ठरते.’ या विधानाचे स्पष्टीकरण करा.