घराच्या छपरावरील सौर वीज : उत्पन्नाचा हिशोब आणि घ्यावयाची काळजी

अहिल्यानगर जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांत पावसाचा भरवसा नसतो. परंतु ऊन मात्र वर्षातील आठ-नऊ महिने भरपूर मिळते. या उन्हाचा उपयोग आपण कांदा वाळविण्यासाठी आणि कडबा सुकविण्यासाठी करीतच आलो आहोत. आता घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवून त्याच उन्हापासून वीज तयार करता येते व त्यासाठी शासनाचे अनुदानही मिळते. मात्र "जितके पॅनेल जास्त, तितकी कमाई जास्त" अशी समजूत करून कर्ज काढणे धोक्याचे आहे. म्हणून प्रथम हिशोब समजून घ्यावा.

अनुदान किती मिळते?

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली. देशातील १ कोटी घरांवर सौर संच बसविण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. या योजनेत पहिल्या २ किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट रु. ३०,०००/- आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी रु. १८,०००/- अनुदान मिळते. म्हणजे १ किलोवॅटला रु. ३०,०००/-, २ किलोवॅटला रु. ६०,०००/- आणि ३ किलोवॅटला रु. ७८,०००/-. त्यापेक्षा मोठा संच बसविला तरी अनुदान रु. ७८,०००/- च राहते. राज्य शासनाने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील व दरमहा १०० युनिटपेक्षा कमी वापर असलेल्या ग्राहकांसाठी 'स्मार्ट' योजनेतून जादा अनुदानाची सोय केली आहे.

हे अनुदान फक्त घरगुती वीजजोडणीला आहे. कुक्कुटपालन शेड, दुकान किंवा पिठाची गिरणी यांची जोडणी वेगळ्या वर्गात असल्यास त्यांना ते मिळत नाही. तसेच घरावरील संचाचा शेतीपंपाच्या बिलाशी संबंध नसतो, कारण पंपाचा मीटर वेगळा असतो. शिवाय ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्याच्या बळीराजा मोफत वीज योजनेतून एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी मोफत वीज दिली जात आहे. म्हणून हिशोब करताना फक्त घरगुती मीटरचेच बिल धरावे.

उत्पन्न कोठून येते?

सौर संच बसविल्यावर महावितरण नेट मीटर बसविते. आपण तारेतून घेतलेली वीज व तारेत सोडलेली वीज यांची तो वेगवेगळी नोंद ठेवतो आणि बिल दोहोंच्या फरकाचे येते. एखाद्या महिन्यात जास्त युनिट सोडली गेली, तर ती पुढील महिन्याच्या खात्यावर जमा होतात. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते, त्यावेळी उरलेली युनिट महावितरण विकत घेते.

येथेच खरी मेख आहे. स्वतः वापरलेले युनिट आपल्याला घरगुती दराने वाचते; परंतु वर्षअखेर उरलेल्या युनिटला नियामक आयोगाने ठरविलेला, घरगुती दरापेक्षा बराच कमी दर मिळतो. म्हणून छपरावरील संचाचे उत्पन्न मुख्यतः विक्रीतून नव्हे, तर बचतीतून येते.

याचे चांगले उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. शिर्डी येथे श्री साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाच्या छतावर २००९ मध्ये केंद्राचे अनुदान घेऊन ७३ सौर तबकड्या बसविण्यात आल्या. त्या वीज तयार करीत नाहीत. उन्हाने पाण्याची वाफ करतात व त्या वाफेवर स्वयंपाक होतो. संस्थानने काही विकले नाही, तर गॅस वाचविला. वाचलेले इंधन हीच त्या छताची कमाई होय.

उदाहरणादाखल हिशोब

आपल्या भागात १ किलोवॅटचा संच चांगल्या उन्हाच्या दिवशी ४ ते ५ युनिट देतो. ढगाळ दिवस, धूळ व भारनियमन वजा जाता वर्षाला सुमारे १,३०० युनिट धरावीत. समजा, एका कुटुंबाचा घरगुती वापर दरमहा २०० म्हणजे वर्षाला २,४०० युनिट आहे. विजेचा सरासरी दर रु. ८/- आणि वर्षअखेर खरेदीचा दर रु. ३/- धरू. (हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, प्रत्यक्ष दर आपल्या बिलावरून घ्यावेत.)

१) २ किलोवॅटचा संच : खर्च रु. १,२०,०००/- धरल्यास अनुदान वजा जाता स्वतःचे रु. ६०,०००/- लागतात. उत्पादन २,६०० युनिट. बचत रु. १९,२००/- व उरलेल्या २०० युनिटचे रु. ६००/-, असे वर्षाला रु. १९,८००/-. गुंतवणूक सुमारे ३ वर्षांत फिटते.

२) ५ किलोवॅटचा संच : खर्च रु. ३,००,०००/- धरल्यास अनुदान वजा जाता रु. २,२२,०००/- लागतात. उत्पादन ६,५०० युनिट. बचत तेवढीच, रु. १९,२००/-. उरलेल्या ४,१०० युनिटचे रु. १२,३००/-. एकूण रु. ३१,५००/-.

म्हणजे जादा घातलेल्या रु. १,६२,०००/- वर वर्षाला फक्त रु. ११,७००/- जास्त मिळाले. ही जादा रक्कम फिटण्यास जवळजवळ १४ वर्षे लागतील, आणि कर्ज असेल तर व्याज वेगळेच.

यावरून सोपा नियम असा : बिलावर छापलेला मागील बारा महिन्यांचा वापर बेरीज करावा व त्याला १,३०० ने भागावे. येईल तितक्या किलोवॅटचा संच पुरेसा असतो. वरील कुटुंबाचा भागाकार १.८५ येतो, म्हणून त्यांना २ किलोवॅट योग्य. घरगुती बिलातील स्थिर आकार मात्र संच बसविल्यावरही भरावा लागतो.

बसविण्यापूर्वी

१) वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. अनेक वस्त्यांवर बिल अजूनही वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर येते. अर्जापूर्वी नावात बदल करून घ्यावा.

२) थकबाकी भरून टाकावी व मंजूर भार तपासावा.

३) अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर करावा आणि नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच संच घ्यावा. अनुदानासाठी पॅनेल देशात बनविलेल्या सेलचे असणे आवश्यक आहे. अनुदान संच सुरू झाल्यावर बँक खात्यात जमा होते. त्यामुळे सुरुवातीच्या पैशाची सोय अगोदर करावी. ३ किलोवॅटपर्यंत बँकांकडून विनातारण कर्ज मिळू शकते.

४) १ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. कडुनिंबाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी जोडलेल्या इतर पॅनेलचे उत्पादन घटू शकते. पॅनेल दक्षिणाभिमुख, सुमारे १९ अंश कलते ठेवावेत. जुन्या पत्र्याच्या छपराची मजबुती आधी तपासून घ्यावी.

५) अर्थिंग व वीजरोधक यांत काटकसर करू नये.

वीज गेल्यावर काय होते?

अनेकांना वाटते की सौर संच असला म्हणजे भारनियमनात घर उजळते. तसे नसते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धोका होऊ नये म्हणून लाईन गेली की हा संच आपोआप बंद होतो. त्या वेळेचे उत्पादनही बुडते. वीज गेल्यावरही दिवे हवे असल्यास बॅटरी लागते, तिचा खर्च वेगळा असून त्यावर हे अनुदान नाही.

निगा

मळणीच्या दिवसांत धूळ व भुसा पॅनेलवर बसतो. आठवड्या-पंधरवड्याने सकाळी पॅनेल थंड असताना मऊ फडक्याने पुसावेत. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुतल्यास पांढरा थर बसतो; साठविलेले पावसाचे पाणी उत्तम. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. पुरवठादाराने पाच वर्षे देखभाल करावयाची असते, तसे लेखी घ्यावे.

विजेपासून उत्पन्नच हवे असल्यास

ज्यांच्याकडे उपकेंद्राजवळ पडीक जमीन आहे, त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली व तिच्या सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे झाला. २०२३ मध्ये आलेल्या या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाडेपट्ट्याने दिलेल्या खाजगी जमिनीस प्रति हेक्टर वार्षिक रु. १,२५,०००/- व दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर ठरविण्यात आला. मात्र करार दीर्घ मुदतीचा असल्याने बागायत जमीन देण्याचा मोह टाळावा.

तरी शेतकरी बंधू-भगिनींनी प्रथम बारा महिन्यांचे बिल समोर ठेवून भागाकार करावा आणि मगच पुरवठादारास घरी बोलवावे. गरजेपुरता बसविलेला संच तीन-चार वर्षांत आपली किंमत फेडतो आणि पुढे वीस वर्षे घराला हातभार लावतो.