चष्म्याचा नंबर लेन्सला चालत नाही

मागच्या महिन्यात नाशिकमधल्या एका दवाखान्यात डोळे तपासून घेतले. तासभर थांबल्यावर पाच मिनिटांत नंबर निघाला, दोन्ही डोळ्यांना मायनस ६. त्याच चिठ्ठीवर चष्मा आणि काँटॅक्ट लेन्सही घेतल्या. चष्मा ठीक होता. पण लेन्स लावून वाचायला बसले की डोके दुखे. परत गेले, तर 'सवय होईल' एवढेच उत्तर मिळाले.

खरे कारण दुसऱ्या नेत्रतज्ज्ञांनी सांगितले. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर दूर असते, लेन्स थेट बुबुळावर बसते. म्हणून लेन्सचा मायनस नंबर कमी लागतो. ४ नंबरपर्यंत हा फरक नगण्य असतो. ६ ऐवजी मात्र साडेपाच पुरतो. जादा नंबराने वाचताना ताण येतो. शिवाय बुबुळाची गोलाईही मोजावी लागते.

तेव्हा वाचकहो, लेन्ससाठी स्वतंत्र तपासणी करून वेगळी चिठ्ठी मागा. लेन्स नळाच्या पाण्याने धुऊ नका, रामकुंडात स्नानाला उतरण्यापूर्वी काढून ठेवा. पाण्यातल्या अमीबामुळे बुबुळावर व्रण होऊन दृष्टी जाऊ शकते. डोळा लाल झाला, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.