शेंदरी बोंडअळी आणि पतंग मोजणारे यंत्र

बाभुळगाव तालुक्यातील कापूस उत्पादकास शेंदरी, म्हणजेच गुलाबी बोंडअळीची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. २०१७ च्या हंगामात या किडीने विदर्भातील कपाशीचे अतोनात नुकसान केले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणी केव्हा करावी व केव्हा करू नये, हा प्रश्न तेव्हापासून केवळ खर्चाचा राहिलेला नाही.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला सर्वत्र आहे. मालाची मागणी अजमावणे, यंत्रातील बिघाड आधी ओळखणे अशा कामी मोठे कारखाने व कंपन्या तिचा उपयोग करीत आहेत. परंतु नुसते यंत्र आणल्याने त्यांचा नफा वाढत नाही. यंत्राने दिलेल्या माहितीमुळे एखादा निर्णय वेळेवर बदलला, तरच तो वाढतो. शेतीच्या धंद्यासही हाच हिशेब लागू आहे.

या अळीच्या बाबतीत वेळेचे महत्त्व विशेष आहे. अंड्यातून निघालेली अळी लवकरच पाते, फूल किंवा बोंडात शिरते व बोंडावरील छिद्र बुजून जाते. त्यानंतर फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून अळी दिसण्यापूर्वी पतंगांवर नजर ठेवावी लागते. त्यासाठी पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. एका सापळ्यात दररोज ८ पतंग, असे सलग ३ दिवस सापडल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजावे.

नियम सोपा आहे, पण मोजणी कंटाळवाणी आहे. पतंग लहान, करड्या रंगाचे व एकमेकांत मिसळलेले असतात. मोजदाद टळते आणि शेजाऱ्याने पंप पाठीवर घेतला की आपणही घ्यावा, असा प्रकार होतो. ही अडचण ओळखून मुंबईच्या वाधवानी एआय या ना-नफा संस्थेने ‘कॉटनएस’ नावाचे मोबाईलवरील साधन तयार केले. सापळ्यातील पतंग कागदावर पसरून त्यांचे छायाचित्र घ्यावयाचे. साधन पतंग ओळखून मोजते व त्यानुसार सल्ला देते. पतंगांची असंख्य छायाचित्रे दाखवून त्यास ही ओळख शिकविलेली असते. त्यामुळे छायाचित्र अंधुक असेल किंवा पतंग एकावर एक पडलेले असतील, तर मोजणी चुकण्याचा संभव असतो. कागद पांढरा व कोरडा घ्यावा, हे बजावून सांगावे लागते.

याहून मोठी चूक माणसाकडूनच होते. सापळा ३ दिवसांनी रिकामा केला व त्यात २१ पतंग निघाले, तर पाहणारा घाबरून जातो. वास्तविक हे प्रमाण दिवसाला सरासरी ७, म्हणजे पातळीच्या खाली आहे. यंत्राने २१ हा आकडा बरोबर सांगितला, तरी सापळा किती दिवसांचा आहे हे सांगणे माणसाकडेच राहते. पतंगांची संख्या वाढू लागताच सापळा दररोज रिकामा करावा. सोबत एकरात फिरून वेगवेगळ्या झाडांवरील २० हिरवी बोंडे तोडून फोडावीत. २ बोंडांत अळी किंवा तिचे नुकसान आढळले, तर प्रादुर्भाव १० टक्के झाला. बोंडाच्या आत काय आहे हे सापळ्याच्या छायाचित्रात दिसत नाही.

महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर करून ५०० कोटी रुपयांची तरतूद केली आहे. यापुढे गावोगाव अशी अनेक साधने येतील व काही विकलीही जातील. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने प्रत्येक विक्रेत्यास प्रथम विचारावे, की याने शेतकऱ्याचा नेमका कोणता निर्णय बदलेल, आणि शेतातून गोळा झालेली माहिती कोणाकडे जाईल. उत्तर गुळमुळीत आल्यास खरेदीची घाई करू नये.

चालू हंगामासाठी प्रत्येक सापळ्याची एक वही ठेवावी. तीत तारीख, पतंगांची संख्या, फोडलेली बोंडे, फवारणी केली किंवा टाळली, आणि औषध व मजुरीचा खर्च एवढे रकाने पुरेत. सापळ्यातील आमिषाची गोळी पाकिटावरील सूचनेप्रमाणे बदलावी. बदलल्याची तारीखही त्याच वहीत लिहावी, कारण वास गेलेल्या गोळीच्या सापळ्यात पतंग कमीच सापडतात.